जुनी स्क्रिप्ट, नवी प्रणाली : मालकाने काय पाहावे?

व्यापारात पत्रव्यवहाराचे महत्त्व आमच्या व्यापारी बांधवांना नव्याने सांगण्याची गरज नाही. मागणी, भाव, बिल, ट्रान्सपोर्टची पावती, मालाबद्दलची तक्रार आणि तिला दिलेले उत्तर हे सारे आज ई-मेलने येते-जाते. उद्या वाद उभा राहिला तर वकील सर्वांत आधी हाच पत्रव्यवहार मागतो. ज्या पेढ्यांनी आपला स्वतःचा मेल सर्व्हर ठेवला आहे त्यांच्याकडे तो सांभाळणारी एक स्क्रिप्ट बहुधा असतेच. ही स्क्रिप्ट एका ऑपरेटिंग सिस्टीमवरून दुसरीवर न्यायची वेळ आली की "त्यात काय मोठे, चार नावे बदलायची" असे म्हणून काम उरकले जाते. आमचे मत याच्या अगदी उलट आहे. नव्या प्रणालीवर स्क्रिप्ट बंद पडली तर ते परवडते, कारण बंद पडलेली वस्तू डोळ्यांना दिसते. खरी जोखीम आहे ती चालू राहून चुकीचे काम करणाऱ्या स्क्रिप्टची. ही बाब मालकांनी समजून घ्यावी म्हणून हा लेखनप्रपंच.

स्क्रिप्ट म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगतो. सर्व्हरला एकामागून एक द्यायचे हुकूम एका फाइलमध्ये लिहून ठेवतात, त्या फाइलला स्क्रिप्ट म्हणतात. नवीन मुनीम कामावर आला की त्याची पेटी उघडणे, कोणी सोडून गेला की त्याची पेटी बंद करून आतला मजकूर जपून ठेवणे, कोणाची पेटी किती भरली ते पाहणे, अडकून पडलेल्या मेलची रांग तपासणे, रात्री नक्कल काढणे आणि चुकीच्या पासवर्डाने किती वेळा प्रयत्न झाले त्याचा सकाळी अहवाल देणे, अशी कामे ती करते. प्रत्यक्ष टपाल नेण्या-आणण्याचे काम पोस्टफिक्ससारखा प्रोग्राम करतो, पेटी उघडून दाखवण्याचे काम डव्हकॉटसारखा. स्क्रिप्ट ही त्या दोघांवरची देखरेख होय.

वेळ का आली?

लहान कार्यालयांच्या सर्व्हरवर अनेक वर्षे सेंटओएस ही लिनक्स प्रणाली फार चालत असे. रेड हॅट कंपनीच्या महागड्या प्रणालीची ती फुकट मिळणारी प्रतिकृती होती. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झाले की सेंटओएस ८ चा पाठिंबा २०२९ पर्यंत न चालता ३१ डिसेंबर २०२१ रोजीच संपेल. तसा तो संपला. त्याहून जुनी असलेली सेंटओएस ७ ही ३० जून २०२४ पर्यंत चालली. त्या तारखेनंतर तिला सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळणे थांबले.

तरीही "चालू आहे ना, मग हात कशाला लावता?" असे म्हणणारे मालक पुष्कळ आहेत. गोदामातल्या जुन्या वजनकाट्याबद्दल हे म्हणणे ठीक आहे. मेल सर्व्हरचे दार मात्र दिवसरात्र साऱ्या जगाकडे उघडे असते; ते उघडे ठेवल्याशिवाय मेल येणारच नाही. अशा दाराचे कुलूप दुरुस्त करणारा कोणी उरला नसेल, तर "चालू आहे" या शब्दांना अर्थ राहत नाही.

मग जावे कुठे? सेंटओएसची जागा घेण्यासाठी २०२१ साली अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स अशा दोन प्रणाली आल्या. त्या त्याच घराण्यातल्या आहेत, तिथे स्क्रिप्टमध्ये कमी फेरबदल लागतात. दुसरा रस्ता डेबियनचा. १९९३ साली सुरू झालेली ही प्रणाली कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही, स्वयंसेवकांची संघटना ती चालवते. एका कंपनीच्या एका जाहीरपत्राने आठ वर्षांचे आयुष्य एका वर्षावर येते, हा अनुभव घेतल्यावर अनेकांनी डेबियनचा रस्ता धरला, आणि त्यांचे म्हणणे आम्हाला समजते. तिसरा रस्ता म्हणजे स्वतःचा सर्व्हर बंद करून दरमहा भाडे देऊन मोठ्या कंपनीची सेवा घेणे. ज्या पेढीकडे सर्व्हरकडे पाहणारा माणूसच नाही तिने हाच रस्ता घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. परंतु ज्यांना आपला पत्रव्यवहार आपल्याच ताब्यात ठेवायचा आहे आणि डेबियनवर जायचे आहे, त्यांनी पुढील हकीकत नीट वाचावी.

दिसायला सारखे, चालायला वेगळे

आमच्या धंद्यात जॅकार्डचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. नक्षीसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांचा संच एका जॅकार्डसाठी बनवलेला असतो. दुसऱ्या यंत्राच्या हुकांची संख्या किंवा भोकांमधले अंतर वेगळे असेल, तर तीच नक्षी, तेच सूत आणि तोच कारागीर असूनही कार्डे नव्याने पाडावी लागतात. नक्षी कार्डावर असते हे खरे, पण ते कार्ड कोणत्या यंत्रासाठी आहे हे त्यावर कुठेही लिहिलेले नसते. स्क्रिप्टचेही तसेच आहे. ती लिहिणाऱ्याने आपल्या प्रणालीच्या अनेक गोष्टी गृहीत धरलेल्या असतात आणि त्या कागदावर कुठेच नसतात. सेंटओएसवरून डेबियनवर जाताना अशी गृहीते कुठे कुठे दगा देतात ते पाहू.

पहिली गोष्ट हुकूम वाचणाऱ्याची. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ती कोणत्या प्रोग्रामने वाचायची ते लिहिलेले असते. पुष्कळ स्क्रिप्टांत तिथे नुसते 'एसएच' असते. सेंटओएसवर या नावामागे बॅश नावाचा प्रोग्राम असतो, डेबियनवर डॅश नावाचा. बॅशला दुहेरी चौकटी कंसातली अट समजते, डॅशला समजत नाही. आता समजा, स्क्रिप्टमध्ये लिहिले आहे की पेटीचे नाव 'पोस्टमास्टर' असेल तर हात लावू नकोस, नाहीतर पुसून टाक. डॅश त्या कंसापाशी "असा हुकूम सापडत नाही" अशी एक ओळ छापतो, अट खोटी ठरवतो आणि पुढच्या 'नाहीतर'वर जातो. ज्या अटीने पेटी वाचवायची तीच अट कुचकामी होते आणि पुसण्याचा हुकूम मात्र दोन्हीकडे सारखाच चालतो. रात्री दोन वाजता आपोआप चालणाऱ्या कामात छापलेली ती एक ओळ कोण वाचणार?

दुसरी गोष्ट माणसांच्या खात्यांची. नवे खाते उघडण्याचा 'यूजरॲड' हा हुकूम सेंटओएसवर खात्याबरोबर घरही, म्हणजे त्या माणसाचे फोल्डर, तयार करतो. डेबियनवर तोच हुकूम वेगळे सांगितल्याशिवाय घर बनवत नाही. जिथे मेल घरातच साठवण्याची पद्धत आहे तिथे नव्या माणसाचे खाते तर होते, पण पत्रे ठेवायला जागाच नसते. 'ॲडयूजर' हा हुकूम तर आणखी फसवा आहे. सेंटओएसवर ते 'यूजरॲड'चेच दुसरे नाव आहे, तर डेबियनवर तो निराळाच प्रोग्राम असून उलट प्रश्न विचारत बसतो. उत्तर द्यायला समोर कोणी नसले की काम तिथेच खोळंबते.

याच्याच जोडीची बाब खात्याच्या क्रमांकाची. डिस्कवर फाइलचा मालक म्हणून नाव लिहिलेले नसते, क्रमांक लिहिलेला असतो. सेंटओएस ६ वर सामान्य माणसांचे क्रमांक ५०० पासून सुरू होत, सेंटओएस ७ वर आणि डेबियनवर ते १००० पासून सुरू होतात. सुरुवात एक असली तरी नव्या सर्व्हरवर खाती वेगळ्या क्रमाने उघडली गेली तर १००३ हा क्रमांक दुसऱ्याच माणसाला मिळतो. मग जुनी डिस्क तशीच जोडली तर खरेदी विभागाची पेटी विक्रीवाल्याच्या मालकीची दिसू लागते. कोणाचे पत्र कोणाच्या हाती पडले, हा प्रश्न पेढीत केवढा गंभीर होऊ शकतो ते आम्ही सांगायला नको.

शून्याचा अहवाल

तिसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. मेलची प्रत्येक ये-जा आणि दार उघडण्याचा प्रत्येक प्रयत्न एका नोंदवहीत लिहिला जातो. तिला लॉग म्हणतात. सेंटओएसवर या फाइलचे नाव 'मेललॉग' असे सलग असते, डेबियनवर 'मेल डॉट लॉग'. त्यातही जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ही नोंदवही लिहिणारा जुना प्रोग्राम मुळात बसवलेलाच नसतो. नोंदी 'जर्नल' नावाच्या वेगळ्या साठ्यात जातात आणि त्या वाचायचा हुकूमही वेगळा आहे.

आता जुनी स्क्रिप्ट रोज पहाटे नोंदवही उघडते, चुकीच्या पासवर्डाचे प्रयत्न मोजते आणि मालकाला आकडा कळवते. नव्या प्रणालीवर ती फाइलच नाही. पुष्कळ स्क्रिप्टांत तक्रारीचा संदेश दाबून टाकण्याची सवय असते. परिणाम असा की मोजणी शून्य येते आणि मालकाला अहवाल जातो : "काल चुकीचा प्रयत्न एकही नाही." मालक खूश! प्रत्यक्षात तेव्हाच कोणी बाहेरचा माणूस एखाद्या मुनिमाचा पासवर्ड रात्रभर ताडून पाहत असेल. तो सापडला की मुनिमाच्या नावाने गिऱ्हाइकाला मेल जातो की आमचे बँक खाते बदलले आहे, पैसे या नव्या खात्यात भरावेत. असल्या फसवणुकीने जगभरात व्यापाऱ्यांचे पैसे बुडालेले आहेत. पैसा जातो गिऱ्हाइकाचा, पण नाव जाते आपले.

म्हणून आमचे सांगणे आहे की शून्याचा अहवाल आला तर आनंद मानू नये, आधी संशय घ्यावा. जगाकडे तोंड असलेल्या मेल सर्व्हरवर चुकीचा प्रयत्न एकही झाला नाही, असा दिवस सहसा उगवत नाही. चांगल्या स्क्रिप्टने "प्रयत्न शून्य" आणि "नोंदवही सापडली नाही" ही दोन उत्तरे वेगळी दिलीच पाहिजेत.

चौथी गोष्ट पत्त्यांच्या यादीची. पेट्यांची यादी पुष्कळ ठिकाणी मारियाडीबीसारख्या डेटाबेसमध्ये असते. त्याच्याशी बोलायचे आतले दार, ज्याला सॉकेट म्हणतात, दोन्ही प्रणालींत वेगवेगळ्या जागी असते. शिवाय डेबियनवर पोस्टफिक्सचे बरेच भाग पुष्कळ वर्षे सुरक्षिततेसाठी एका बंदिस्त खोलीत चालवले जात आले आहेत. तिथून बाहेरचे सॉकेट दिसत नाही. जाणकार माणूस डेटाबेसचा पत्ता 'लोकलहोस्ट' असा न लिहिता १२७.०.०.१ असा लिहितो, म्हणजे सॉकेटऐवजी नेटवर्कच्या वाटेने बोलणे होते. एवढ्या एका ओळीसाठी न जाणणाऱ्याचा अख्खा दिवस जाऊ शकतो.

पाचवी गोष्ट दुकान उघडण्याची. सेंटओएसवर प्रोग्राम बसवला तरी हुकूम दिल्याशिवाय तो सुरू होत नाही. डेबियनवर बसवला की तो लगेच सुरू होतो. शिवाय पोस्टफिक्स बसवताना डेबियन मध्येच प्रश्न विचारतो, त्याला प्रश्न न विचारण्याची सूचना स्क्रिप्टमध्ये आधीच द्यावी लागते. माल लावण्याआधी दुकानाचे शटर वर गेले तर काय होईल? जुन्याच पत्त्यावर नवी प्रणाली बसवली असेल आणि पेट्या अजून तयार नसतील, तर येणाऱ्या मेलला "असा पत्ता येथे नाही" हे कायमचे उत्तर जाते. पाठवणाऱ्याला वाटते, पेढी बंद झाली.

सहावी गोष्ट आवृत्तीची. प्रणाली बदलताना प्रोग्रामही नवे येतात. सेंटओएस ७ वर डव्हकॉट २.२ होता. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ वर डव्हकॉट २.४ आहे आणि त्याची मांडणीची फाइल लिहिण्याची रीतच बदलली आहे. जुनी फाइल जशीच्या तशी ठेवली तर तो सुरू होत नाही. सेंटओएस ७ वर 'पायथॉन' म्हटले की पायथॉन २ चालत असे. त्याचा पाठिंबा १ जानेवारी २०२० रोजी संपला आणि आजच्या डेबियनवर तो नाही. स्क्रिप्टमध्ये त्याचे तुकडे असतील तर ते नव्याने लिहावे लागतात.

इलाज काय?

एवढे वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. इलाज आहेत आणि ते साधे आहेत.

पोस्टफिक्स आणि डव्हकॉट दोघांचेही स्वतःचे हुकूम आहेत आणि प्रणाली कोणतीही असो, ते तेच राहतात. पोस्टफिक्सची फाइल आंधळेपणाने शोधून-बदलून दुरुस्त करण्यापेक्षा 'पोस्टकॉन्फ' या हुकुमाने त्यालाच विचारावे की तुझी फाइल कुठे आहे, तुझी अमुक किंमत किती. आणि बदलही त्याच्याच हातून करावा. डव्हकॉटसाठी तसाच 'डव्हॲडम' आहे. जागेबद्दल अंदाज बांधण्यापेक्षा घरच्या माणसाला विचारलेले बरे. या एका सवयीने स्क्रिप्टचा मोठा भाग प्रणालीच्या जंजाळातून सुटतो. उद्या कोणी फ्रीबीएसडीवर गेला, जिथे या फाइली तिसऱ्याच ठिकाणी असतात आणि 'सेड'सारख्या रोजच्या हुकुमाचीही रीत थोडी निराळी आहे, तरी तिथेही ही सवय उपयोगी पडेल.

जी नावे प्रणालीप्रमाणे बदलतातच, ती सर्व स्क्रिप्टच्या डोक्यावर एका जागी आणावीत. पोटात ठिकठिकाणी विखुरलेली ठेवू नयेत. स्क्रिप्ट बॅशसाठी लिहिली असेल तर पहिल्या ओळीत स्पष्ट बॅश असे लिहावे. 'शेलचेक' नावाचा फुकट प्रोग्राम अशा चुका ओळीनिशी दाखवतो, तो आधी चालवावा. चूक झाली की स्क्रिप्टने तिथेच थांबावे, पुढे जाऊ नये, अशी सूचना तिच्या सुरुवातीलाच द्यावी. आणि पुसण्याचा हुकूम पहिले काही दिवस नुसता कागदावर ठेवावा : "मी अमुक पेटी पुसली असती" एवढेच स्क्रिप्टने लिहावे, पुसू नये.

स्थलांतराच्या दिवसांत पोस्टफिक्समध्ये 'सॉफ्ट बाउन्स' नावाची सोय चालू करावी. मग "पत्ता नाही" हे कायमचे उत्तर जाण्याऐवजी "थोड्या वेळाने पुन्हा या" असे उत्तर जाते आणि पाठवणारा सर्व्हर मेल आपल्याकडे राखून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स स्वतः असा मेल मूळ मांडणीप्रमाणे पाच दिवस राखतो. म्हणजे आपल्या हातून काही राहिले तरी दुरुस्तीला अवधी मिळतो. काम संपल्यावर ही सोय बंद करण्यास विसरू नये.

मराठी किंवा उर्दू नावांचे फोल्डर ज्यांनी केले आहेत त्यांनी ते वेगळे तपासावेत. अशी नावे डिस्कवर पुष्कळदा रोमन अक्षरांच्या विचित्र ओळीत साठवलेली असतात. ती कचरा समजून कोणी पुसू नये, आणि नव्या सर्व्हरवर ती मूळ नावाने दिसतात की नाही हे उघडून पाहावे.

मालकाने काय विचारावे?

संगणकाचे ज्ञान नाही म्हणून मालकाने मान डोलावून मोकळे होऊ नये. कापडाचा तागा घेताना आपण सूतगिरणीत काम केलेले नसते, तरी पन्हा मोजतो, वजन पाहतो, उजेडात धरून पाहतो. इथेही तसेच करता येते. एक चाचणी पेटी आपल्यासमोर उघडायला सांगा, तिला बाहेरून मेल पाठवा, तिच्यातून बाहेर मेल पाठवा. मुद्दाम पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाका आणि दुसऱ्या दिवशीच्या अहवालात पाच दिसतात का ते पाहा. ती पेटी बंद करायला सांगा आणि आतला मजकूर नकलेतून परत काढून दाखवायला सांगा. या तपासण्यांना इंग्रजीची गरज नाही आणि संगणकाच्या पदवीचीही नाही. या चाचण्या पास झाल्याशिवाय जुना सर्व्हर बंद करू नये, आणि बंद केल्यावरही त्याची डिस्क काही आठवडे पुसू नये.

शेवटची गोष्ट मजुरीची. स्क्रिप्ट फुकट मिळाली, प्रणाली फुकट मिळाली, म्हणून हे काम करणाऱ्या मुलाची मेहनतही फुकट, असा हिशेब काही ठिकाणी होतो. एका संध्याकाळचे काम समजून त्याला घाई केली जाते आणि तोही मग चार नावे बदलून मोकळा होतो. वर सांगितलेली प्रत्येक गृहीत गोष्ट हुडकायला प्रत्येक ओळ वाचावी लागते. त्याला पुरेसे दिवस द्यावेत आणि त्या दिवसांचे पैसे द्यावेत. त्याबदल्यात एक वस्तू हक्काने मागावी : काय बदलले, का बदलले आणि कोणती फाइल कुठे आहे, याचे दोन पानी टिपण, आपल्याला समजेल अशा भाषेत. तो मुलगा उद्या दुसरीकडे नोकरीला जाईल, तो त्याचा अधिकार आहे. पेढीचा कारभार मात्र त्याच्या डोक्यात अडकून राहता कामा नये.

गिऱ्हाइकाने आपल्याला लिहिलेले पत्र ही आपल्याकडची अमानत असते. ते पोहोचले की नाही आणि कोणाच्या हाती पडले, याची जबाबदारी स्क्रिप्ट लिहिणाऱ्यावर ढकलून मालकाला सुटता येत नाही. ज्यांच्या कार्यालयात सेंटओएस अजून चालू आहे त्यांनी या आठवड्यात निदान एक काम करावे. आपल्या माणसाला बसवून ती स्क्रिप्ट छापून घ्यावी आणि प्रत्येक ओळीसमोर ती काय गृहीत धरते ते लिहायला सांगावे. कोणत्या प्रणालीवर जायचे हा निर्णय त्यानंतर घेता येईल.